हेडफोनचा जॅक: जुन्याला सहा पाय, नव्याला पाच. बसेल का?

कोथरूडची_सून
सासूबाई शनिवार-रविवार सकाळी अमेरिकेतल्या चार मुलींना व्हिडिओ कॉलवर गाणं शिकवतात. लॅपटॉप २०१० चा, नवऱ्याने टाकून दिलेला. डाव्या बाजूला दोन भोकं, एकाशेजारी हेडफोनचं चित्र, दुसऱ्याशेजारी माइकचं. महिनाभर झाला, हेडफोनची पिन जरा वर रेटून धरली तरच डाव्या कानात ऐकू येतं. सासूबाईंनी पिनेखाली देवघरातली काडेपेटी सरकवून ठेवलीये. ती हलली की तानपुरा एका कानात आणि बोलणी मला.

एका दुरुस्तीवाल्याने थेट बोर्ड बदलायला सांगितलं. आकडा ऐकून मी उठलेच. मग नवऱ्याने लॅपटॉप उघडून जॅकचा फोटो काढला आणि तो घेऊन मी तपकीर गल्ली पालथी घातली. चौथ्या दुकानात "हाच ताई, सगळ्यांना हाच लागतो" म्हणत एक जॅक हातात ठेवला. घरी येऊन बघते तर आपल्याला सहा पाय, ह्याला पाच. भोक मात्र तेच. चालेल का? सहावा पाय करतो तरी काय?

आणि अजून एक. नवा हेडफोन मोबाइलचा आणलाय, पिनेवर तीन काळे पट्टे आहेत. ऐकू येतं, पण त्याचा माइक लॅपटॉपवर चालत नाही.

डाखवाला
भोक तेच असणार, ३.५ मिमी सगळ्यांचंच असतं. गणवेशावरून पोरगं ओळखता येतं का?

तुमच्या हेडफोन-जॅकात आवाजाचे पाय तीनच. पिनेचं टोक म्हणजे डावा कान, मधली रिंग उजवा, बूड म्हणजे ग्राउंड, म्हणजे दोन्हींची परतीची वाट. उरलेले पाय बहुतेक स्विचचे. पिन आत गेली की आतली पत्ती सरकते, साउंड चिपला पत्ता लागतो आणि स्पीकर बंद होतात. गोम अशी की काही जॅकांत पिन घातल्यावर हा स्विच तुटतो, काहींत जुळतो. उलटा बसवलात तर सासूबाई हेडफोन लावून बसतील आणि सारेगम खालच्या मजल्यापर्यंत जाईल.

म्हणून नुसते पाय मोजू नका. मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) बीपवर ठेवा, म्हणजे त्याची दोन टोकं, प्रोब, जोडलेल्या जागांना लागली की तो वाजतो. दोन्हीकडे पिन असलेली ऑक्स केबल घ्या, एक पिन जॅकात घाला. बाहेरच्या पिनेच्या टोकाला, रिंगला, बुडाला एकेक करून प्रोब लावा आणि दुसऱ्या प्रोबने जॅकचे पाय चाचपा. कोणता पाय कोणाचा ते कागदावर लिहा. मग केबल काढल्यावर कोणते पाय आपसात बीप देतात ते बघा. दोन्ही जॅकांचे कागद जुळले तरच पुढे. भोकाच्या मध्याची बोर्डापासूनची उंचीही मोजा. काही जॅक बोर्डावर बसतात, काही बोर्डाच्या खाचेत अर्धे बुडालेले असतात. एक मिलिमीटर चुकला तरी बॉडी बंद होत नाही.

पण हे सगळं नंतर. पिन रेटल्यावर आवाज येतोय, तर मला जॅकपेक्षा डाखाचाच, म्हणजे पाय बोर्डाला जोडणाऱ्या सोल्डरचाच संशय आहे. बॅटरी काढा, भिंग घ्या आणि पायांच्या बुडाशी बघा. केसाएवढी काळी गोल रेघ दिसली की समजा डाख तडकलाय.

मुठाकाठ
पट्ट्यांचं मी सांगतो. तीन पट्टे म्हणजे चार भाग, चौथा माइकचा. तुमच्या हेडफोनच्या भोकात माइकसाठी जागाच नाही. स्प्लिटर आणा, एका बाजूला भोक एक, दुसऱ्या बाजूला पिना दोन, एक हिरवी, एक गुलाबी, प्रत्येकीवर दोनच पट्टे. दोघांनी एका फोनवर गाणी ऐकायची वाय केबल दिसायला बहीणच, पण ती उलटी असते, पिन एक आणि भोकं दोन. मी एकदा तीच घेऊन आलोय.

पिनेवरच्या चार भागांचा क्रम लावायच्या दोन पद्धती आहेत. हेडफोन नवा आहे म्हणजे सीटीआयए पद्धतीचाच असणार. जुन्या ओएमटीपी पद्धतीत माइक आणि ग्राउंडची अदलाबदल असते. तसं बेजोड लागलं की वाद्यं वाजतात, गायक विहिरीत गेल्यासारखा वाटतो, आणि वायरवरचं बटण दाबून धरलं की बाहेर येतो.

घाईत_आहे
यूएसबी साउंड कार्ड लावा, विषय संपला. कशाला एवढं?

कोथरूडची_सून
@घाईत_आहे दोनच यूएसबी चालतात. एकात माउस, दुसऱ्यात तानपुऱ्याचा पेनड्राइव्ह.

@डाखवाला सासूबाईंचं पोथीचं भिंग घेतलं. रेघ होती! टोकाच्याच पायाला. नवऱ्याने फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावतात ते) लावून डाख दिला, पाच मिनिटांचं काम. काडेपेटी परत देवघरात.

@मुठाकाठ दुकानदाराने आधी उलटीच काढून दिली. मी काउंटरवर पट्टे मोजत बसले, तो बघतच राहिला.

रविवारी क्लास झाला. सासूबाईंना आता दोन्ही कानांनी ऐकू येतं, त्यामुळे चारांतली एक मुलगी महिनाभर पंचम चढा लावतेय हेही ऐकू आलं. कालपासून तिचा राग माझ्यावर निघतोय.

पाच पायांचा जॅक पडून आहे, कोणाला हवा असेल तर सांगा.