'आउटसाइड द वॉल' संपून 'इन द फ्लेश?' सुरू होताना खंड पडतो

खर्जस्वर
पिंक फ्लॉइड या रॉक बँडच्या 'द वॉल' अल्बममधलं (1979) शेवटचं गाणं 'आउटसाइड द वॉल' जेमतेम पावणेदोन मिनिटांचं. ते संपताना बँडच्या रॉजर वॉटर्सचं एक वाक्य अर्ध्यावर तुटतं. उरलेलं अर्धं अल्बमच्या अगदी सुरुवातीला, 'इन द फ्लेश?'मध्ये आहे. दोन्ही सीडींवरून एमपी3 करून रिपीट लावला, तर जोडावर क्षणभर शांतता येते. शिवाय शेवटचं गाणं मोठ्यानं वाजतं आणि पहिल्याची सुरुवात दबते. उपाय काय?

तबकडीवाला
शांतता एमपी3मुळे येते. त्यात आवाज 1152 सॅम्पलच्या (सॅम्पल म्हणजे आवाजाची एकेक मोजणी), म्हणजे साधारण 26 मिलिसेकंदांच्या चौकटींत बसवतात. शेवटची चौकट भरली नाही की तिथे शून्यं भरली जातात, आणि सुरुवातीलाही एन्कोडर (एमपी3 बनवणारा प्रोग्राम) थोडी शांतता घालतो. 'लेम' एन्कोडर ही भर किती ते फाइलच्या हेडरमध्ये नोंदवतो, पण प्लेअरनं ती नोंद वाचली तरच भर कापली जाते. त्यापेक्षा सीडीवरून फ्लॅक (आवाजातलं काहीही न गमावणारा फाइल-प्रकार) करा, ही भानगडच राहत नाही.

प्लेअरमध्ये गॅपलेस (दोन गाण्यांत खंड न ठेवणं) चालू आणि क्रॉसफेड (एक गाणं विरताना दुसरं त्यावर चढवणं) शून्यावर ठेवा. दोन-तीन सेकंदांचा क्रॉसफेडसुद्धा ते तुटकं वाक्य गिळून टाकतो.

तरीही खटका आला तर बघा: काही प्लेअर गाण्या-गाण्यांत गॅपलेस असतात, पण रिपीटला शेवटून पहिल्यावर जाताना फाइल नव्यानं उघडतात. अशा वेळी 26 गाण्यांच्या यादीत 27व्या जागी 'इन द फ्लेश?' पुन्हा टाका.

डेसिबल
आवाजाची तक्रार रिप्लेगेनची (गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय) दिसते, ती ट्रॅक मोडवर, म्हणजे प्रत्येक गाणं वेगळं मोजणारी, असणार. 'आउटसाइड द वॉल' सबंध हळू आहे: क्लॅरिनेट, मँडोलिन, कॉन्सर्टिना, मुलांचा कोरस. म्हणून ते वर उचललं जातं. 'इन द फ्लेश?' हळू सुरू होऊन एकदम गिटार, ऑर्गन, ड्रम्ससकट फुटतं. सरासरी चढते, सगळं गाणं खाली ओढलं जातं आणि त्यासोबत सुरुवातीचं ते अर्धं वाक्यही.

अल्बम मोड लावा, म्हणजे सगळ्या अल्बमला एकच गेन (आवाजातली वाढ-घट) मिळेल. मात्र दोन्ही सीडी एकत्र स्कॅन करा: अल्बमचं नाव तेच, डिस्क क्रमांक 1 आणि 2. वेगवेगळ्या स्कॅन केल्या तर दोघींना वेगळा गेन मिळतो आणि नेमक्या याच जोडावर पायरी उरते.

खर्जस्वर
ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही गाणी कायमची जोडून एकच फाइल केली तर?

तबकडीवाला
जमेल, पण मूळ फाइली तशाच ठेवा. प्रोजेक्ट रेट (सेकंदाला किती सॅम्पल) 44100 ठेवा. दोन्ही क्लिप एकाच ट्रॅकवर चिकटवा. वाक्याच्या मागे-पुढे निव्वळ शांतता असेल तेवढीच कापा, आणि तीही लहर शून्य रेषा ओलांडते तिथेच, नाहीतर 'टक्' येतो. फेड-आउट अजिबात नको, वाक्य तुटणं हाच त्या गाण्याचा शेवट आहे.

एलपीवर तर बाजू 1 एका तबकडीवर, बाजू 4 दुसऱ्या. त्यामुळे हे वाक्य तिथे सलग वाजणं शक्यच नव्हतं, ते ऐकणाऱ्याच्या डोक्यातच जुळायचं. मला तेही फार सुंदर वाटतं.

डेसिबल
तपासताना हेडफोन लावा आणि वाक्यापेक्षा मागच्या धुनेवर लक्ष ठेवा. दोन्हीकडे तीच संथ चाल आहे, तिची लय अडखळली नाही तर जोड बरोबर बसला. 'द ट्रायल'च्या शेवटी भिंत कोसळते, तिथून 'आउटसाइड द वॉल'मध्ये जातानाचा सांधाही असाच ऐका.