मिसकॅरेजनंतर नणंदेच्या डोहाळजेवणाला जाऊ की नको?

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत आणि क्युरेटिंग करावं लागलं, तिसरा महिना पण लागला नव्हता. शरीराचं म्हणाल तर ठीक आहे. डॉक्टरांनी नीट समजावलं की इतक्या लवकर होणाऱ्या मिसकॅरेजमध्ये निम्म्याच्या आसपास वेळा गर्भाच्या क्रोमोसोममध्येच गडबड असते, ऑफिसने किंवा प्रवासाने हे झालेलं नाही. पटतं हो, पण सोसायटीतल्या एक काकू "हिंजवडीचे खड्डे, त्यात स्कूटी, मग काय होणार" म्हणून गेल्या आणि तेव्हापासून रात्री तेच डोक्यात फिरतं.

घरचे वाईट नाहीत. सासूबाई खाण्यापिण्याचं सगळं बघतायत, पण त्या विषयावर चकार शब्द नाही. नवरा मी काही बोलायला लागले की उठून बाथरूममध्ये जातो आणि डोळे लाल करून बाहेर येतो. बाकी सगळे "होईल गं परत, वय आहे अजून". अरे परत होईलही, पण जे होतं त्याचं काय? ते कुणाच्या खिजगणतीतच नाही.

तर प्रश्न असा की पुढच्या रविवारी कोथरूडला नणंदेचं डोहाळजेवण आहे. ती माझ्यावर खूप जीव लावते, तिच्यासाठी मला आनंदच आहे, पण ते फुलांचे दागिने, पेढा की बर्फी, आणि मग कुणीतरी "आता तुझा नंबर" म्हणणारच, तिथेच रडू फुटलं तर? नाही गेले तर जळते म्हणतील. आणि मी तिची ओटी भरू नये असंच कुणाच्या मनात असेल तर? सासूबाई यावर काहीच बोलत नाहीयेत, त्याचाच ताण जास्त आहे. कुणी यातून गेलंय का? पुण्यात मराठीत बोलणारी चांगली काउन्सेलर माहिती असेल तर तेही सांगा.

प्रतिसाद: ताई, मी गेले होते अशाच एका कार्यक्रमाला आणि नसते गेले तर बरं झालं असतं. नणंद एवढी जवळची आहे तर सासूबाईंमार्फत नको, तिलाच थेट फोन कर, ओटीचंही तिलाच विचार. साडी आधी घरी नेऊन दे, रविवारी वाटलं तर अर्धा तास जा. नवऱ्याला सोबत ने, त्यालाही कुणीतरी विचारायला हवंय असं वाटतं. काउन्सेलर मिळेपर्यंत टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. आणि ऑफिसला जातेस का लगेच? कायद्याने मिसकॅरेजनंतर ६ आठवडे पगारी रजा असते, एचआर आपणहून सांगत नाहीत, डॉक्टरांचं सर्टिफिकेट देऊन माग.