नेक्सॉन की ब्रेझा? पाच माणसं आणि कणकवली

कोथरूडकर: घरात पाच जण: आम्ही दोघं, आई-बाबा आणि आठवीतली मुलगी. रोज आठ-दहा किलोमीटर ऑफिस, गणपती-शिमग्याला कणकवली. टाटाच्या नेक्सॉन पेट्रोलवर मन बसलंय. २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत सुरक्षिततेचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी, शिवाय ३८२ लिटरची डिकी. घेऊन टाकू?

घाटमाथा: तारे मान्य. पण मागे तिघांना बसवून बघितलंत का? शोरूममध्ये जो तो एकटा ऐसपैस बसतो आणि ‘जागा मस्त आहे’ म्हणतो. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४०. गाडी कराच्या मापाने बेतलीय, तुमच्या बाबांच्या खांद्यांच्या नाही.

मिसळपाव_१२: अहो, मग मारुतीची ब्रेझा काय पाच मीटरची आहे? तीही चार मीटरच्या आतच, वर १.५ लिटर इंजिनामुळे ४० टक्क्यांत. डिकी ३२८ लिटर. जास्त कर भरून कमी डिकी!

घाटमाथा: त्या करात चार सिलिंडरचं गुळगुळीत इंजिन मिळतं. नेक्सॉनचं तीन सिलिंडरचं टर्बो खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरताना, आळसावतं. पाच माणसं, डिकी गच्च, एसी चालू आणि फोंडा घाटाच्या वळणावर पुढे एसटी. तिथे कळतं.

मिसळपाव_१२: दुसरा गिअर टाकायचा की! टर्बो जागा झाला की टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १७० एनएम, ब्रेझाला १३७. खेच कुणाची जास्त, तुम्हीच सांगा.

देवगडचा_हापूस: दोघंही राहू द्या. नेक्सॉन डिझेल, २६० एनएम. घाट विसरून जाल.

कोथरूडकर: रोजच्या दहा किलोमीटरला डिझेल?

देवगडचा_हापूस: हां, मग नको. एवढ्याशा अंतरात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तापतच नाही, काजळी साचत राहते. हायवेवर नेऊन जाळावी लागते.

सासुरवाशीण: आईंच्या गुडघ्यांचं कुणी बोलेना! या गाड्यांचा खरा फायदा तोच. सीट उंच असते, त्यामुळे वाकून आत शिरावं लागत नाही, सरळ टेकता येतं. आमच्या सासूबाई सेडानमधून उतरताना दाराला लटकायच्या. आणि मधल्या सीटचा बेल्ट नीट बघा, खांद्यावरून येणारा आहे की नुसता कमरेचा. मधे लेकच बसणार ना?

कोथरूडकर: तीच. रविवारी पाचही जण ट्रायलला जातोय. सेल्समनला पुढे बसवायचं नाही असं ठरलंय.

घाटमाथा: आणि ब्रेझाचीही ट्रायल घ्या. त्याच दिवशी.