स्त्रीची छबी असलेला डिनेरियस: फाउस्टिना की युलिया डोम्ना?

प्रश्न
रोमन डिनेरियस (चांदीचं नाणं), व्यास 18 मिमी, वजन 2.90 ग्रॅम. पुढे उजवीकडे तोंड केलेली स्त्री. कडेला कोरलेल्या लेखातलं शेवटचं 'ऑगस्टा' (सम्राज्ञीचा किताब) तेवढं वाचता येतं. मागे उभी देवी, एका हातात उथळ पात्र, दुसऱ्यात लांब दंड, पायाशी झिजलेला पक्षी. कडेला हिरवट-तांबूस डाग आहे. सम्राज्ञी कोणती? आणि आत तांबं असेल का?

उत्तर १
पक्षी मोर असेल तर देवी जूनो. पण जूनो धाकट्या फाउस्टिनाच्या (सम्राट मार्कस ऑरेलियसची बायको) नाण्यांवरही येते आणि डोम्नाच्याही, त्यामुळे मागच्या बाजूवर निकाल लावू नका. केस बघा. धाकट्या फाउस्टिनाचा अंबाडा छोटा, मानेवर. थोरलीचा, म्हणजे तिच्या आईचा, डोक्याच्या माथ्यावर. डोम्नाचे केस जाड, आडव्या लाटांचे, टोपासारखे कानांवरून उतरलेले आणि मागे रुंद चपटा अंबाडा. हे झिजलेल्या नाण्यावरही कळतं.

मग अक्षरं मोजा. लेख डावीकडे खालून सुरू होतो. डाव्या बाजूला पाचच अक्षरांपुरती जागा असेल तर 'युलिया'. 'फाउस्टिना'ला आठ लागतात, म्हणून ती दाटीनं बसतात. 'युलिया ऑगस्टा' एवढाच लेख म्हणजे साधारण इ. स. 196 ते 211. त्याआधी 'युलिया डोम्ना', नंतर 'पिया फेलिक्स' जोडलेलं.

उत्तर २
डागावरून घाबरू नका. डोम्नाचा नवरा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसनं 194-195 च्या सुमारास डिनेरियसमधली चांदी जवळपास निम्म्यावर आणली. बाकी मुख्यतः तांबंच, ते कडेला हिरवं पडणारच. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या नाण्यात चांदीचा पापुद्रा सुटलेला दिसतो आणि त्याच्या कडेखाली लाल गाभा. दहापट भिंगातून तेवढंच शोधा.

घनता तपासायला पाण्यातलं वजन करणार असाल तर काटा 0.001 ग्रॅमचा हवा. निम्म्या चांदीचं 2.90 ग्रॅमचं नाणं पाण्यात सुमारे 0.30 ग्रॅम हलकं भरतं, शुद्ध तांब्याचं 0.32. मुलाम्याचं या दोहोंच्या मध्ये पडतं. 0.01 च्या काट्यावर हा फरक चुकीतच बुडतो. नाण्याला चिकटलेले बुडबुडेही वजनातली घट वाढवून दाखवतात. आधी पाण्यात हलवून घ्या.

प्रश्नकर्ता
भिंगातून पापुद्रा कुठेच सुटलेला नाही. केस आडव्या लाटांचे, मागे चपटा अंबाडा. साफ करू का?

उत्तर १
मग डोम्नाच. घासू नका, सोडा-लिंबू तर मुळीच नको. आम्ल पृष्ठभागातलं तांबं खातं आणि नाणं सच्छिद्र, ठिसूळ होतं. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, तेलकटपणाला अॅसिटोन, मग टिपून वाळवा. काळसर थर राहू द्या. मोराची शेपटी त्यामुळेच उठून दिसते.