मोबाइलच्या आधी आपण खरंच मोकळे होतो?

लाखबंद: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, 'मोबाइल येईपर्यंत माणसाचं खासगी ते खासगीच होतं, पत्रं कोण उघडून बघत होतं?' कोण म्हणजे? अठराव्या शतकात व्हिएन्नात त्याचं रीतसर खातं होतं! सकाळी ७ वाजता वकिलातींच्या टपालाच्या थैल्या यायच्या. मेणबत्तीवर पत्रावरच्या मोहोरेची लाख मऊ करायची, आतल्या कागदांचा क्रम टिपायचा, नक्कल उतरवायची. पत्र लांबलं की चार-चार लेखनिकांना एकदम कामाला लावायचं. मग बनावट मुद्रेने लाख परत बसवायची. साडेनऊला थैल्या रवाना.

बिनतारी: दिवसाला शंभरेक पत्रं, तीही परदेशी राजदूतांची. शेतकऱ्याची चिठ्ठी कोण वाचत होतं? प्रश्न प्रमाणाचा आहे.

लाखबंद: प्रमाण हवंय? पूर्व जर्मनीतलं गुप्त पोलीस खातं, श्टाझी, घ्या. १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पगारी माणसं, वर पावणेदोन लाखांहून जास्त खबरे. लोकसंख्या जेमतेम १ कोटी ६० लाख. फायली ओळीने लावल्या तर १११ किलोमीटर. मोबाइल किती? शून्य.

शाईचा डाग: 'लाख मऊ करायची' असं एका ओळीत उरकलंत! आच जास्त लागली की ठसा सपाट होतो आणि कागदावर तेलकट वलय उमटतं. म्हणून मूळ ठशाचा साचा आधीच घेऊन ठेवावा लागतो. आणि खरी फजिती पाकिटं बदलण्यात. इंग्रज राजदूताला मूळ पत्राऐवजी नक्कलच पोचली. त्याने तक्रार केली तर ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर काउनिट्झ म्हणे एवढंच बोलला, की किती वेंधळी माणसं आहेत ही!

बिनतारी: लाखेचा धागा वेगळा काढा हो.

कलम पाच: तिकडची उदाहरणं पुरे. आपल्याकडे सरकारला तारा-फोन ऐकू देणारं १८८५ च्या तार कायद्याचं कलम ५(२) होतं, पत्रं अडवू देणारं १८९८ च्या डाक कायद्याचं कलम २६ होतं. साहेबाच्या मर्जीवर सगळं चालायचं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाप लावला, २००७ मध्ये फोन ऐकण्याबद्दलचा नियम ४१९अ आला, २०२४ मध्ये त्याची जागा नव्या नियमांनी घेतली, अटी साधारण त्याच. गृहसचिवांचा लेखी आदेश, मुदत ६० दिवस, वाढवून फार तर १८०. म्हणजे पूर्वीपेक्षा आज बरं, हे कबूल करायला जीभ का अडखळते?

लाखबंद: आदेश काढणारा सचिव आणि तो तपासणारे? केंद्रात कॅबिनेट सचिव, विधी सचिव, दूरसंचार सचिव. न्यायाधीश एकही नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आणि ज्याचा फोन ऐकला त्याला कळवण्याची तरतूद कुठे आहे, दाखवा.

कलम पाच: चोर कोणाला म्हणताय, शब्द जपून वापरा. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचेच्या प्रकरणातले तीन आदेश रद्द केले, रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं. का? 'सार्वजनिक सुरक्षितता' दाखवता आली नाही. यंत्रणा चालते.

लाखबंद: चालली, कारण रेकॉर्डिंग खटल्यात पुरावा म्हणून पुढे आलं. ज्याच्यावर खटलाच झाला नाही तो कोर्टात काय घेऊन जाणार, डायल टोन? तरी तेवढा निकाल तुमच्या खात्यावर. घ्या.

बिनतारी: मग टपाल? सरकारला पत्रं अडवू देणारं १९८६ चं डाक विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि राष्ट्रपती झैलसिंगांनी सहीच केली नाही.

कलम पाच: आणि २०२३ च्या डाक कायद्यात कलम ९ म्हणून तेच परत आलं. हे मात्र मलाही बोचतं.

शाईचा डाग: आता लाख कुठली, डिंक असतो. तो वाफेवर सुटतो, पण कागद फुगून सुरकुततो. दाबाखाली वाळवला नाही तर घडी चुगली करते. सविस्तर लिहू का?

बिनतारी: नको.