‘व्हॉलंटरी’ एकच, मराठीत मात्र दोन शब्द?

प्रश्न :
आयर्लंडच्या २००१ च्या यूथ वर्क कायद्यातली ‘यूथ वर्क’ची, म्हणजे शाळेबाहेर तरुणांच्या विकासासाठी चालणाऱ्या कामाची, व्याख्या मराठीत आणतो आहे. तिच्यात ‘व्हॉलंटरी’ दोनदा येतो. तरुणांचा सहभाग व्हॉलंटरी, आणि हे काम मुख्यत्वे ज्या संघटना करतात त्याही व्हॉलंटरी. मी दोन्हीकडे ‘स्वयंसेवी’ लिहिलं. वाचून पाहिलं तर तरुणच फुकट राबताहेत असं वाटतं! शिवाय अशा संघटनांना सपोर्ट देणाऱ्या आणि त्यांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या संस्थेला ‘शिखर संस्था’ म्हणावं का?

प्रतिसाद १ :
तुमचा कान बरोबर आहे. पहिल्या जागी ‘स्वेच्छेने’ घ्या. युवा केंद्रात आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला हजेरी नाही, परीक्षा नाही. उद्या ती आली नाही तर घरी चिठ्ठी जात नाही. शाळेपेक्षा हे वेगळं ते इथेच, आणि कायदाही या कामाला औपचारिक शिक्षणाला पूरक म्हणतो. ‘ऐच्छिक’ मात्र नको. ऐच्छिक विषय म्हटला की दोनांतला एक घ्यावाच लागतो!

दुसऱ्या जागी ‘स्वयंसेवी’ ठीक. फक्त ‘बिनपगारी’ असा अर्थ लावू नका. स्वयंसेवी संघटनेत पगारी माणसंही असतात; संघटना सरकारी नाही आणि नफ्यासाठी नाही, एवढंच त्यातून कळतं.

प्रतिसाद २ :
थोडं विषयांतर. संस्कृतात ‘युवन्’चं समासात ‘युव’ होतं, जसं युवराज. त्या हिशेबाने ‘यूथ वर्क’साठीचं ‘युवाकार्य’ लंगडं, पण रुळलंय, त्यावर भांडण नको. खरी अडचण वयाची. त्या कायद्यात पंचविशीच्या आतले सगळे ‘यंग पर्सन’. दहा वर्षांच्या पोराला ‘तरुण’ कसं म्हणणार? मी ‘मुले व तरुण’ लिहिलं असतं.

प्रतिसाद ३ :
‘शिखर’ला माझा विरोध. शिखर बँक म्हटलं की सूत्रं वरून हलतात. इथे उलटं आहे, अधिकार खालून येतो. सदस्य संघटनांनी सांगितलं तरच ही संस्था त्यांच्या वतीने बोलू शकते. आयर्लंडची राष्ट्रीय युवा परिषद १९६७ पासूनची, ती याच प्रकारातली. म्हणून ‘प्रातिनिधिक संस्था’. ‘छत्रसंस्था’ वाईट नाही, पण छत्री सावली देते, बोलत नाही.

‘सपोर्ट’साठी ‘पाठिंबा’ही टाळा. पत्रक काढून पाठिंबा देता येतो आणि घरी जाता येतं. इथे कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, मुलांच्या सुरक्षिततेचे नियम लिहायला मदत, अनुदानाच्या अर्जात हातभार असं रोजचं काम असतं. ‘पाठबळ’ बरं. ‘प्रतिनिधित्व करणे’ही वाक्यात जड होतं, ‘बाजू मांडणे’ वापरा. ‘वकिली’ला फीचा वास येतो.

प्रश्नकर्ता :
आभार. सध्या असं केलंय : ‘मुले व तरुण स्वेच्छेने सहभागी होतात अशा कामातील स्वयंसेवी संघटनांना पाठबळ देणारी व सरकारपुढे त्यांची बाजू मांडणारी प्रातिनिधिक संस्था.’ लांब झालंय. ‘प्रातिनिधिक’ आणि ‘बाजू मांडणारी’ दोन्ही हवेत का?

प्रतिसाद ३ :
हवेत. न विचारता बाजू मांडणारेही असतातच की.