एक्स्टर्नल हार्ड डिस्कवरचा बॅकअप का फसतो? नाशिककरांनो, तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामामुळे माझं नाशिकभर फिरणं होतं. मार्चअखेर जवळ आली की शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर भागातल्या कर सल्लागारांच्या ऑफिसांतून एकच तक्रार येते: वर्षभराचा डेटा एक्स्टर्नल डिस्कवर घेत होतो, बॅकअप मध्येच फेल झाला. आणि लगेच पुढचं वाक्य, "डिस्क फॉरमॅट करून परत लावू का?" कृपा करून नका करू. त्या डिस्कवर मागच्या वेळचा धड बॅकअप असतो, आणि बऱ्याचदा तेवढाच असतो. आधी एररचा कोड मोबाइलवर टिपून घ्या. काय झालं, कोड काय होता, कशाने सुटलं, ते इथे लिहा म्हणजे दुसऱ्याचं काम वाचेल.

सुरुवात मी करतो. विंडोजची पूर्ण सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, फाइल्स सगळ्याची एकत्र नक्कल, घेताना येणारा ०एक्स८०७८०११९ हा कोड. मेसेज म्हणतो, पुरेशी जागा नाही. डिस्क दोन टीबीची, जवळपास रिकामी. लोक आणखी मोठी डिस्क आणायला एमजी रोडला निघतात. पण जागा कमी पडते ती एक्स्टर्नल डिस्कवर नाहीच. कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर रिकव्हरीचा (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठीचा) एक लपलेला छोटा विभाग, म्हणजे पार्टिशन, असतो. बॅकअपआधी विंडोज प्रत्येक विभागाची शॅडो कॉपी, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घेतं आणि त्यासाठी त्या विभागात मोकळी जागा मागतं: विभाग ५०० एमबीहून लहान असेल तर किमान ५० एमबी, मोठा असेल तर किमान ३२० एमबी. रिकव्हरीचा विभाग ५०० एमबीच्या जरा वर असला आणि बराचसा भरलेला असला की तिथेच गाडी अडते. तो विभाग वाढवून दिला की इमेज त्याच डिस्कवर बिनबोभाट जाते. मात्र विभागांना हात लावण्याआधी कामाच्या फाइल्स साध्या कॉपी करून बाजूला ठेवा.

पंचवटी, लग्नाचं फोटो-व्हिडिओ काम

आमच्याकडे फोटो सगळे जायचे, व्हिडिओ मात्र ठरावीक ठिकाणी अडकायचे. 'फाइल खूप मोठी आहे' असा मेसेज. डिस्क फॅट३२ मध्ये (डिस्कवर फाइल्स मांडायची एक जुनी पद्धत) फॉरमॅट केलेली होती आणि त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी बसत नाही. हळदीचा सलग शूट केलेला व्हिडिओ त्याहून मोठाच असतो. एडिटिंग मॅकवर आणि अल्बमचं काम विंडोजवर, त्यामुळे एनटीएफएस ही विंडोजची पद्धतही चालेना. मॅक ती डिस्क वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. शेवटी डेटा दुसरीकडे हलवून डिस्क एक्सफॅट या दोन्हीकडे चालणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट केली. एक्सफॅटवर लिहिणं चालू असताना केबल ओढली तर नुकसान होऊ शकतं, म्हणून आमच्या पोरांना इजेक्ट केल्याशिवाय डिस्क काढू देत नाही.

सातपूर एमआयडीसी, वर्कशॉपचं अकाउंट्स

कोड ८००७०४५डी, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली एरर. सगळे म्हणाले डिस्क गेली. क्रिस्टल डिस्क इन्फो हे डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर लावून पाहिलं तर रीअॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब झालेले आणि खराब असल्याचा संशय असलेले भाग) दोन्ही शून्य, डिस्क ठणठणीत. ती जोडली होती कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, तेही लांब एक्स्टेंशन केबल लावून. छोट्या डिस्कला वेगळा अॅडॉप्टर नसतो, सगळी वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. म्हणजे अडचण डिस्कची नव्हती, विजेची होती. एक्स्टेंशन काढलं, आखूड केबल लावून मागच्या निळ्या पोर्टला जोडली आणि बॅकअप पूर्ण झाला. आमच्याकडे लोखंडाच्या बारीक चुऱ्याने पुढचे पोर्ट सैल होतात, हे शेजारच्या कारखानेदारांनीही लक्षात घ्यावं.

दिंडोरी, द्राक्ष बागायतदार

निर्यातीच्या मालाला फवारणीच्या नोंदी, रेसिड्यू (औषधाचा उरलेला अंश) तपासणीचे रिपोर्ट जपून ठेवावे लागतात. मी ते वनड्राइव्हच्या (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) फोल्डरमध्ये ठेवतो. मळ्यातलं नेट बंद असताना डिस्कवर कॉपी करायला घेतलं की ८००७०१६ए अशी एरर. काही फाइल्स जायच्या, काही नाही. फाइलच्या नावापुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नसतेच, नुसतं नाव दिसतं. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडलं, सगळं उतरू दिलं आणि मग बॅकअप घेतला. छाटणीच्या आधीच हे करून ठेवतो.

इंदिरानगर, गृहिणी

विंडोज सिक्युरिटीमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस', म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअरला महत्त्वाच्या फोल्डरमध्ये बदल करू न देणारं संरक्षण, चालू असेल तर बॅकअपच्या सॉफ्टवेअरलाही ते अडवू शकतं. परवानगीच्या यादीत सॉफ्टवेअर घातलं, झालं. संरक्षण बंद केलं नाही.

नाशिकरोड, निवृत्त शिक्षक

माझा अनुभव सगळ्यांत वाईट, कारण एरर आलीच नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळालेला दोन टीबीचा पेनड्राइव्ह. बॅकअप पूर्ण झाल्याचं दिसत होतं, फोल्डरही दिसत होते. नातीच्या बारशाचे फोटो उघडायला गेलो तर अर्धे राखाडी, अर्धे उघडेनात. भाच्याने एच२टेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर लावलं. ते पूर्ण जागेत लिहून परत वाचून बघतं. खरी जागा सांगितल्याच्या अगदी थोडी निघाली. अशा ड्राइव्हच्या आतली चिप खोटा आकडा दाखवते आणि खरी जागा भरली की पुढचा डेटा धड लिहिलाच जात नाही. सुदैवाने मूळ फोटो मोबाइलवर होते. नवीन ड्राइव्ह घेतला की त्यात काहीही टाकण्याआधी ही तपासणी करा. वेळ फार लागतो, रात्रभर लावून ठेवा.

ओझर

दादा, माझ्या डिस्कमधून टिक-टिक आवाज येतो आणि बॅकअप थोडा होऊन थांबतो. चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) चालवू का? मूळ फाइल्स आता लॅपटॉपवर नाहीत, त्याच डिस्कवर आहेत.

धागाकर्ता

ताई, चेकडिस्क अजिबात चालवू नका. पोर्ट आणि केबल बदलून एकदाच बघा, कारण वीज कमी पडली तरी असा आवाज येतो. तरीही टिक-टिक असेल तर आतलं हेड (डिस्क वाचणारी सुई म्हणा) नीट वाचत नाहीये असं धरून चाला आणि डिस्क लगेच काढून ठेवा. चेकडिस्क खराब भाग पुन्हा पुन्हा वाचत बसतं, त्याने उरलंसुरलंही जाऊ शकतं. डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्याल तेव्हा आधी विचारा की ते पहिल्यांदा डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब नक्कल) काढून तिच्यावर काम करतात का. थेट तुमच्याच डिस्कवर सॉफ्टवेअर लावू म्हणाले तर डिस्क परत घेऊन या. आणि डिस्क कुठल्या आकाराची आहे, अॅडॉप्टर लागतो का, हे इथे कळवा, मी बघतो.